भाग 41 : आधी नकाशा, मग डिटेक्टर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना झालेलं ‘अं... म्हणजे काय...’ काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

सुरुवात एका आठवणीने करू. 2025 चा मार्च महिना. ‘छावा’ नुकताच येऊन गेला होता आणि मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या पायथ्याशी, सोन्याची नाणी सापडतायत अशी आवई उठली. मग काय! रात्री मोबाईलचे टॉर्च लावून लोकांनी शेतंच्या शेतं खणून काढली. काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही होते. शेवटी पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. मला तर इतक्या जणांनी पाठवले की मोजदाद सोडली. सोबत एकच ओळ : “दादा, तू पण हेच करतोस ना?”

तर आजचा भाग हे त्याचं उत्तर आहे. हो, मी इंग्लंडमध्ये सफोक नावाच्या परगण्यात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी डिटेक्टर घेऊन शेतात फिरतो. आणि नाही, मी हे करत नाही. मी रात्री जात नाही, न विचारता जात नाही, आणि मुख्य म्हणजे नकाशा न बघता तर अजिबातच जात नाही. माझ्या छंदातला निम्म्याहून जास्त वेळ घरात खुर्चीवर बसून जुने नकाशे चाळण्यात जातो. आज तेच सांगणार आहे : जुन्या नकाशावरून जागा कशी हेरायची, आणि नकाशा नसला तर नुकसान कुणाचं होतं.

नुसत्या डिटेक्टरने का भागत नाही

आधी थोडं गणित. समजा तुम्हाला 14 एकरांचं एक शेत मिळालं. चालता चालता डिटेक्टरची कॉइल डावीकडून उजवीकडे फिरवली की साधारण दीड मीटर रुंदीचा पट्टा झाकला जातो. 14 एकर म्हणजे जवळजवळ 57 हजार चौरस मीटर. म्हणजे ते शेत एकदा पूर्ण करायला 38 किलोमीटर चालावं लागेल. तेही हळूहळू, दर सिग्नलला थांबत, वाकत, खणत. तासाला एक किलोमीटर धरा, 38 तास झाले. आणि नाण्याएवढी वस्तू डिटेक्टरला कळते ती साधारण वीतभर खोलीपर्यंत. त्याखाली काय आहे ते त्याला माहीत नाही.

मी सुरुवातीचे तीन महिने असाच चाललो. काय सापडलं? बंदुकीच्या काडतुसांची बुडं, पेयाच्या डब्यांच्या कड्या, ट्रॅक्टरचे नटबोल्ट आणि एका गाईच्या कानातला बिल्ला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “आपल्या रानात कधी खुरपं धरलं नाहीस, आणि तिकडं लोकांच्या रानात खड्डे खणतोयस?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग एका जुन्या डिटेक्टरवाल्याने एक वाक्य सांगितलं, ते अजून पुरतंय : वस्तू शोधू नकोस, माणसं शोध. माणूस चालताना वस्तू क्वचित पडतात. तो थांबतो, बसतो, वाकतो, कुंपणावरून चढून जातो, पैशाची देवघेव करतो, तेव्हा पडतात. विहिरीपाशी, झाडाच्या सावलीत, जत्रेच्या मैदानात, घराच्या अंगणात. आता दोनशे वर्षांपूर्वीची माणसं कुठे थांबत होती हे आज सपाट दिसणाऱ्या शेतावरून कसं कळणार? नकाशावरून.

नकाशाच्या आधी दोन गोष्टी

एक, परवानगी. इंग्लंडमध्ये डिटेक्टर वापरायला लायसन्स लागत नाही, पण जमिनीच्या मालकाची परवानगी लागतेच. दोन, ती जागा संरक्षित स्मारकाच्या यादीत आहे का ते बघायचं. 1979 च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाच्या जागेवर लेखी मंजुरीशिवाय डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे, मग शेत तुमच्या सख्ख्या मित्राचं का असेना. ही यादी नकाशासकट ऑनलाईन आहे, फोनवर दोन मिनिटांत बघून होते. एवढं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पहिला नकाशा : मैलाला 25 इंच

ब्रिटनचे सरकारी नकाशे करणारी संस्था म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे, स्थापना 1791. यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एक मोठं काम हाती घेतलं : जमिनीवरचा एक मैल कागदावर 25 इंच, या प्रमाणात देशातल्या शेतीच्या भागाचे नकाशे. या प्रमाणात एक चौरस इंच कागद म्हणजे जवळजवळ बरोबर एक एकर जमीन. म्हणजे बघा किती बारकावा! प्रत्येक घर, प्रत्येक कुंपण, प्रत्येक तळं. कुंपणातली मोठी झाडंसुद्धा एकेक करून दाखवलेली.

हे नकाशे आज एडिंबरातल्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या वेबसाईटवर फुकट आहेत. नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंड आणि वेल्सही त्यात आहेत. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे जुना नकाशा आजच्या उपग्रह-चित्रावर बरोब्बर बसवलेला असतो. खाली एक पट्टी असते, ती बोटाने सरकवली की जुना नकाशा पुसट होत जातो आणि खालचं आजचं शेत दिसायला लागतं. पुन्हा उलटी सरकवा, शेत जातं आणि 1880 सालचं गाव वर येतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी रात्री दीडपर्यंत तीच पट्टी मागेपुढे करत बसलो होतो.

नकाशावर बारीक अक्षरं असतात, ती शिकून घ्यायची. ‘एफ. पी.’ म्हणजे पायवाट. नुसता ‘डब्ल्यू’ म्हणजे विहीर, नुसता ‘पी’ म्हणजे पाण्याचा पंप. ‘स्मिदी’ म्हणजे लोहाराचं दुकान. जुन्या, ऐतिहासिक जागांची नावं वेगळ्या, जुन्या वळणाच्या अक्षरांत छापलेली असतात. काही ठिकाणी तर चक्क ‘इथे रोमन नाणी सापडली’ असं सालासकट छापलेलं आहे! पण हुरळून जाऊ नका. ते छापून शंभर-सव्वाशे वर्षं झाली, तुमच्या आधी तिथे बरेच जण जाऊन आलेत, आणि अशी जागा बऱ्याचदा संरक्षित असते.

आता माझं शेत घ्या. तेच 14 एकरांचं. आज ते एकसंध आहे, मध्ये काही नाही. 1880 च्या दशकातल्या नकाशावर मात्र तिथे चार लहान शेतं होती. आग्नेय कोपऱ्यात दोन छोटी घरं. मधून तिरकी जाणारी पायवाट, ती दोन ठिकाणी कुंपण ओलांडते. आणि उत्तरेकडे एक तळं.

या नकाशाचा पहिला फायदा शेतात नाही, शेतकऱ्याच्या दारात झाला. म्हातारबुवांनी मला दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा नकाशाची प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि कोपऱ्यातल्या घरावर बोट ठेवलं. म्हणाले, “माझी आजी इथे जन्मली. घर मी पाहिलेलं नाही, पण सांगायची.” मग म्हणाले, “पीक निघाल्यावर ये. खड्डे बुजव. जे मिळेल ते मला दाखव.” झालं, परवानगी मिळाली. डिटेक्टर दाखवून मिळाली नव्हती, नकाशा दाखवून मिळाली.

दुसरा नकाशा : तिकडचा सातबारा

पूर्वी तिकडे शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागायचा. धान्य, लोकर, जे पिकेल त्यातून. 1836 मध्ये कायदा झाला आणि या हिश्शाचं पैशात रूपांतर करायचं ठरलं. आता पैशात करायचं म्हणजे कुणाची जमीन किती हे मोजायला हवं. म्हणून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हजारो गावांचे नकाशे झाले. यांना टाइद मॅप म्हणतात.

या नकाशात प्रत्येक शेताला नंबर असतो आणि सोबत एक वही असते. नंबर बघायचा आणि वहीत शोधायचा : मालक कोण, कसणारा कोण, शेताचं नाव काय, पीक की कुरण, क्षेत्र किती. ओळखीचं वाटलं ना? आपला सातबाराच झाला की! फरक एवढाच की इथे शेताचं नाव लिहिलेलं असतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

कारण नावं विसरत नाहीत. इमारत पडते, नाव राहतं. ‘चॅपल फील्ड’ असेल तर कधीतरी तिथे प्रार्थनास्थळ असू शकतं. ‘फेअर’ असेल तर जत्रा. ‘ब्रिक किल्न’ असेल तर वीटभट्टी, तिथे नाणी कमी आणि विटांचा चुरा जास्त. गावाच्या नावात ‘चेस्टर’ किंवा ‘कॅस्टर’ आलं की कान टवकारायचे, कारण ते लॅटिनमधल्या छावणीच्या शब्दावरून आलेलं असू शकतं.

यातलं माझं सगळ्यात आवडतं नाव ‘ब्लॅकलँड्स’, म्हणजे काळी जमीन. आजूबाजूच्या शेतांपेक्षा त्या तुकड्याची माती काळी असते. शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, राख, कोळसा, शेण, उष्टं-खरकटं तिथेच मुरलं, म्हणून काळी. अशा नावाच्या शेतात रोमन काळातली वस्ती निघाल्याची उदाहरणं आहेत.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. कारण आपल्याकडे नेमकं उलटं! आपल्याकडे शेतजमीन ‘काळी’ आणि गाववस्तीची जागा ‘पांढरी’. आपली मूळ जमीनच काळी कसदार, आणि तिच्यावर पिढ्यानपिढ्या राख, चुना आणि मातीच्या भिंती पडून पडून वस्तीचा भाग पांढरट होतो. गावाबाहेर पांढरीचं टेकाड असेल तर तिथे पूर्वी गाव होतं हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना पुस्तक न वाचता माहीत असतं. रंग वेगळा, कारण तेच : माणसं इथे राहिली.

हा नकाशा बघायला मी इप्सविचमधल्या ‘द होल्ड’ या सफोकच्या अभिलेखागारात गेलो. माझ्या शेताचा कोपरा सापडला, नंबर सापडला, आणि नाव निघालं ‘ग्रीन क्लोज’. म्हणजे हिरवं आवार? शेत हिरवंच असणार, त्यात काय विशेष, असं म्हणून मी वही मिटली. चूक केली.

तिसरा नकाशा : 1783

सफोकचा एक आणखी जुना नकाशा आहे, जोसेफ हॉडस्किन्सनने मोजणी करून 1783 मध्ये छापलेला. प्रमाण मैलाला एक इंच, म्हणजे बारकावा कमी. पण त्यात पुढच्या नकाशांतून गायब झालेली एक गोष्ट आहे : गावाची सामायिक गायरानं. तिकडे त्यांना ‘ग्रीन’ म्हणतात.

पूर्व इंग्लंडमध्ये मध्ययुगात एक गंमत झाली. लोकांनी घरं चर्चजवळून हलवून गायरानाच्या कडेकडेने बांधली. गुरं समोरच चरायला सोडता यायची ना! मग अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला बरीचशी गायरानं कुंपणं घालून खासगी झाली, नांगराखाली गेली. काही कडेची घरं तर त्याच्या कितीतरी आधी ओस पडली होती. त्यामुळे आज जे शेताच्या मध्यावर आहे, ते एकेकाळी गायरानाच्या काठावरचं अंगण असू शकतं.

1783 च्या नकाशावर माझ्या शेताच्या पश्चिमेला लांबट आकाराचं गायरान होतं. ‘ग्रीन क्लोज’मधलं ‘ग्रीन’ म्हणजे हिरवा रंग नव्हे, गायरान! एका नकाशाने कोडं घातलं, दुसऱ्याने सोडवलं. म्हणून सांगतो, एकाच नकाशावर थांबायचं नाही. तिन्ही एकमेकांवर ठेवून बघायचे.

याच्या जोडीला लायडार बघायचं. विमानातून लेसरचे झोत टाकून जमिनीची उंची मोजतात, झाडी बाजूला काढतात आणि उघड्या जमिनीचे चढउतार दाखवतात. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने ही माहिती सगळ्यांसाठी खुली केलेली आहे. नांगरटीने सपाट झालेल्या शेतात डोळ्यांना न दिसणारी खोल गेलेली जुनी पाणंद किंवा घराचा चौथरा यात पुसटसा दिसतो.

शेतात काय झालं

ऑगस्टच्या शेवटी गहू निघाला. धसकटं होती तेव्हाच गेलो. आधी आग्नेय कोपरा, घरांची जागा. खिळे, खिळे आणि खिळे, विटांचे तुकडे, कोटाची बटणं, 1860 नंतरची राणी व्हिक्टोरियाची एक झिजलेली पेनी आणि पितळी अंगुस्तान. शिवताना बोटात घालतात ते. मग पायवाटेची रेघ. जिथे ती कुंपण ओलांडत होती, तिथे दहा पावलांत तिसऱ्या जॉर्जच्या दोन हाफपेन्या. चढताना खिशातून पडल्या असणार.

उत्तरेच्या तळ्याने मात्र मला फसवलं. पाण्याजवळ माणसं येतात म्हणून अर्धा दिवस तिथे घातला. तळं कधीतरी बुजवलं होतं, आणि बुजवलं होतं शेतावरच्या भंगाराने. तारा, पत्रे, साखळ्या. हेडफोनमध्ये नुसता कलकलाट.

आणि मग पश्चिमेची कड, गायरानाचा काठ. तिथे मध्ययुगीन पट्ट्याचं एक बक्कल निघालं, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर नखाएवढा चांदीचा अर्धा तुकडा. अर्धं नाणं! तुटलेलं नाही, मुद्दाम कापलेलं. तिसऱ्या हेन्रीच्या काळातली पेनी. तेव्हा सुटे पैसे नसायचे, म्हणून पेनीच कापून अर्धी किंवा पाव करायचे. पुढे 1279-80 च्या सुमारास पहिल्या एडवर्डने गोल हाफपेनी आणि फार्दिंग काढले आणि ही कापाकापी थांबली. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी कुणीतरी सुट्ट्या पैशाची अडचण सोडवली होती आणि ते सुटे इथे पाडले होते. बाजारात त्याची किंमत फार नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे सगळं सापडलं ते शेताच्या चार तुकड्यांत. मधल्या आठ-नऊ एकरांत जवळजवळ काही नाही. 38 किलोमीटरऐवजी मी सात-आठ किलोमीटर चाललो असेन. अंगुस्तान म्हातारबुवांना दिलं. त्यांनी ते करंगळीत घालून बघितलं, बसलं नाही. खिशात टाकलं आणि आत निघून गेले.

नकाशा काय सांगत नाही

एक सावधगिरीची गोष्ट. नकाशा म्हणजे देववाणी नव्हे. पूर्वी शहरातला कचरा आणि मैला गाड्या भरून शेतात खत म्हणून टाकायचे. त्यातून बटणं, नाणी, बकलं शेतभर पसरली, जिथे कधी कुणी राहिलंच नाही. त्यामुळे चार वस्तू विखुरलेल्या दिसल्या की ‘गाव सापडलं’ म्हणून नाचायचं नाही. वस्तू एका जागी दाट आहेत का, आणि त्या जागेला नकाशात काही कारण दिसतं का, हे दोन्ही बघायचं. शिवाय 1783 चा नकाशा रोमन काळाबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी परगण्याची पुरातत्त्वीय नोंदवही असते, सफोकची ऑनलाईन बघता येते.

आता माझी चूक

हे सांगायचं का नाही यावर मी बराच विचार केला. पण सांगतो.

नकाशे वगैरे शिकायच्या आधी, अगदी सुरुवातीच्या दिवसांत, मला हिरवट पडलेला एक छोटा ब्राँझचा ब्रोच सापडला. कपडा खांद्यावर अडकवायची पिन. मी खूश! फोटो काढला, खिशात टाकला, पुढे चालू लागलो. त्या दिवशी मी लागून असलेल्या दोन शेतांत फिरलो होतो.

काही आठवड्यांनी तो नोंदणी अधिकाऱ्याकडे नेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना आहे, ब्रिटिश म्युझियममधून चालते. लोकांना सापडलेल्या 15 लाखांहून जास्त वस्तूंची नोंद तिथे झालेली आहे आणि ती कुणालाही बघता येते. बाईंनी भिंगाखाली ब्रोच बघितला आणि म्हणाल्या, “रोमन आहे. छान आहे. कुठे सापडला?”

मी म्हणालो, “त्या शेतात.”

“शेतात कुठे?”

मी गप्प. मग त्यांनी नोंदवहीचा नकाशा उघडून दाखवला. त्या भागात रोमन काळाची एकही खूण नव्हती. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ही पहिली खूण ठरली असती. आता मी फक्त गावाचं नाव लिहू शकते.”

मी नंतर त्या दोन्ही शेतांत परत गेलो, चार वेळा गेलो. काही मिळालं नाही. तो ब्रोच एकटाच पडलेला होता की खाली घर आहे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. वस्तू माझ्या हातात होती, आणि जी माहिती सतराशे-अठराशे वर्षं मातीत सुरक्षित होती ती मी एका मिनिटात घालवली.

तेव्हापासून एक नियम : वस्तू उचलण्याआधी फोन काढायचा. ब्रिटनच्या नकाशावर चौकटींची पद्धत आहे, दोन अक्षरं आणि पुढे आकडे. सहा आकडे म्हणजे 100 मीटरची चौकट, आठ आकडे म्हणजे 10 मीटरची, दहा आकडे म्हणजे एक मीटरची. फोनमधलं साधं ॲप हा नंबर देतं. नंबर, फोटो, खोली, आणि मग पिशवी. पिशवीवर तोच नंबर. नकाशा बघून शेतात गेलो, तर शेतातून परत नकाशातच काहीतरी भरून यायचं.

याने काय होऊ शकतं? सफोकमध्येच रेंडलशम नावाचं गाव आहे. आठव्या शतकातल्या बीड नावाच्या इतिहासकाराने तिथे राजाचं ठाणं असल्याचं लिहून ठेवलंय, पण ते नेमकं कुठे होतं ते कळत नव्हतं. तिथल्या शेतांत रात्रीचे चोर डिटेक्टर घेऊन येऊ लागले, म्हणून जमीनमालकाने परगण्याच्या पुरातत्त्व विभागाला बोलावलं. 2008 पासून चार डिटेक्टरवाल्यांनी वर्षानुवर्षं तिथलं शेत अन् शेत पिंजून काढलं आणि प्रत्येक वस्तूची जागा टिपली. ते ठिपके नकाशावर मांडले तेव्हा वस्ती दिसायला लागली. 2022 मध्ये उत्खननात 23 मीटर लांब लाकडी दरबाराच्या खुणा मिळाल्या. चोरांना त्या जागी चार वस्तू मिळाल्या असतील. या चौघांना राजाचं घर मिळालं.

आणि हॉक्सन! तेही सफोकमधलंच. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राचा शेतात हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि त्यांना नाण्यांचा ढीग लागला. ते थोडं खणून थांबले आणि अधिकाऱ्यांना फोन केला. थांबले, हे महत्त्वाचं. त्यामुळे तज्ज्ञांना सगळं जागच्या जागी बघता आलं : लाकडी पेटी, आत कशावर काय रचलं होतं, सगळं. 14,865 रोमन नाणी, शिवाय दागिने आणि चांदीची भांडी. बक्षीस साडेसतरा लाख पौंड. हातोडाही सापडला, आणि तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

उलट बाजूही ऐका. 2015 मध्ये लेमस्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. त्यांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढला. 2019 मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. साठ्यात सुमारे 300 नाणी असावीत, हाती लागली ती तीसेक. कळवलं असतं तर कायद्याने बक्षीस मिळालं असतं, जे सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मं-निम्मं होतं. 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे 300 वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू किंवा एकत्र सापडलेली तशी दोन नाणी असली, तर 14 दिवसांत कळवायचं असतं. बस, एवढंच.

“मग आम्ही काय करू?”

हा प्रश्न येणारच. भारतात डिटेक्टर घेऊन खणायला जाऊ नका. 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या परिसरात खणायला 1958 च्या कायद्याने बंदी आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी, नोंद करून घेणारी ब्रिटनसारखी यंत्रणा आपल्याकडे नाही. म्हणजे तुम्ही काढलेली प्रत्येक वस्तू माझ्या ब्रोचसारखी होणार. कुठली, माहीत नाही.

पण नकाशा बघायला कुणाची बंदी आहे? आपली सर्व्हे ऑफ इंडिया 1767 ची आहे, ऑर्डनन्स सर्व्हेपेक्षा जुनी! आज रात्री फोनवर महाभूनकाशा उघडा आणि आपल्या गावाचा नकाशा काढा. गावठाण कुठे आहे, पाणंद कुठून जाते, कुठला गट विचित्र आकाराचा आहे, बघा. मग आजी-आजोबांना विचारा की त्या शिवाराला काय म्हणतात. ‘पांढरी’ म्हणतात का? ‘जुनं गाव’ म्हणतात का? जवळपास एखादं बेचिराख गाव आहे का? बेचिराख म्हणजे जिथे आता दिवा लागत नाही ते. इंग्लंडमध्ये अशी मध्ययुगीन ओसाड गावं 3,000 च्या आसपास नोंदलेली आहेत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला नदीकाठच्या अशाच टेकाडांत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी ताम्रपाषाण युगातली अख्खी वस्ती उजेडात आणली. खणायला फावडं त्यांचं असू द्या. नाव टिपायला तुमचा फोन पुरे. कारण शेताची नावं सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे, आणि ही नावं कुठल्याही डिटेक्टरला ऐकू येत नाहीत.

मी आईला विचारलं तर म्हणाली, “आपल्या विहिरीमागच्या तुकड्याला तुझा आजोबा ‘पेठेचं रान’ म्हणायचा.” तीस वर्षं मी त्या रानात खेळलो, गेलो, आलो. तिथे पेठ कधी होती, कसली होती, मी एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारतोय.

तुमच्या शिवाराचं एखादं असं नाव असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ती नावंच ऐकू. तोपर्यंत, खड्डे बुजवा आणि भेटू!